पत्रातली दोन मुलं

सिंगापूरच्या मराठी घरांमध्ये त्या वर्षांत एक पत्र फिरत होतं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना फॉर्मबरोबर स्वतःहून एक पत्र जोडायचं असा आपल्या लोकांचा रिवाज होता. आम्ही कोण, इथेच का राहायचंय, या देशाला आमचा काय उपयोग, असं दोन पानं भरून. सरकारनं ते मागितलेलं नसायचं. पण नुसता फॉर्म भरून दिला की आपल्या माणसांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मूळ पत्र सेरंगूनला राहणाऱ्या एका गृहस्थांचं. ते एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि वयानं व अनुभवानं वडील म्हणून सगळे त्यांना दादा म्हणत. त्या पत्रावर त्यांना पीआर मिळाली, मग त्यांच्या शेजाऱ्यांना मिळाली, मग आणखी तीन-चार घरांना. झालं, पत्राच्या हाताला यश आहे असं सर्वानुमते ठरलं. नाव, पत्ता आणि कंपनी एवढंच बदलायचं, बाकी एका शब्दाला हात लावायचा नाही, असं दादा बजावून सांगत. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे संशयानं तपासणारी ही मंडळी, पण या पत्रापुढे त्यांची अक्कल हात जोडून उभी राहायची. माझ्या नवऱ्याकडे ते पेन ड्राइव्हवरून आलं आणि त्यानं ते आमच्या फाइलला जोडलं.

नवरा अकाउंटंट. त्याला लग्नाआधीच पीआर मिळालेली होती. मी पुण्याहून लग्न करून आले ती व्हिजिट पासवर, आणि तो पास दर वर्षी वाढवून घ्यावा लागे. त्यावर इथे राहता यायचं, पण नोकरी करता यायची नाही आणि पूर्णवेळ शिकताही यायचं नाही. बायको म्हणून मलाही पीआर मिळावी असा अर्ज त्यानं केला, त्यात माझा स्पॉन्सर तोच. अर्ज करून चौदा महिने झाले तरी उत्तर नव्हतं. मला वाट पाहणं मुळीच जमत नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी दर अर्ध्या मिनिटानं गॅस मोठा करते.

अर्ज भरला तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून पुण्याला माझ्या आईशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. मुळात आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, मग गेलं हे कुणाला सांगणार? महिन्याभरानं सेरंगूनला दादांकडे जेवायला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, किती बारीक झालीस! डाएट करतेस की काय?" मी हो म्हटलं आणि दुसऱ्यांदा वरण वाढून घेतलं.

नवऱ्यानं त्या दिवसांत माझं सगळं केलं. ऑफिसातून येताना पपई आणायचा नाही, डाळिंब आणायचा, आणि ते पेपर पसरून त्यावर बसून सोलायचा. मऊ भात करायला शिकला. पण बोलला एक अक्षर नाही. मला वाटलं, पुरुषांना हे आपल्याइतकं लागत नसावं. त्या कल्पनेनं मला त्याचा राग आला, आणि तो राग मी बरेच महिने जपून ठेवला. डाळिंब मात्र खाल्लं.

मग मी चालायला लागले. आम्ही चोआ चू कांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. तो सकाळी एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, गाडी पकडून गेला की मीही चपला घालून खाली उतरायची आणि ऊन चढेपर्यंत ब्लॉकमागून ब्लॉक पालथे घालायची. मी वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी., एम.एस्सी.चं पहिलं वर्ष करून लग्नासाठी सोडलेलं. पण इथली निम्मी झाडं मला ओळखता येत नव्हती, याची लाज वाटायची. एका सकाळी रस्त्यावर पिवळ्या फुलांचा सडा पडलेला दिसला. वर पाहिलं, पानं पाहिली, वाळलेली चपटी गोल शेंग उचलून पाहिली, आणि ओळख पटली. हा तर आपल्या बिबळ्याचा इथला भाऊबंद! मी रस्त्यात एकटीच हसले. किती महिन्यांनी हसले ते आठवेना.

त्याच आठवड्यात पेपरमध्ये जाहिरात वाचली. बागकाम आणि वृक्षसंवर्धन, एक वर्षाचा पूर्णवेळ डिप्लोमा, वर्ग जुलैपासून. मी नवऱ्याला न विचारता अर्ज केला, मुलाखत दिली, आणि जागा मिळाल्याचं पत्र आल्यावर ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं वाचलं आणि खरोखर खूश झाला. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. तिथे लिहिलं होतं की वर्ग सुरू होण्याआधी स्टुडंट पास हवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल.

"म्हणजे लव्हेंडरला जावं लागणार," तो म्हणाला. पासाचं सगळं कामकाज लव्हेंडर स्टेशनसमोरच्या इमारतीत चालायचं. "फाइल उघडणार ते."

"उघडू देत की. आपण काय चोरी केलीय?"

रविवारी त्यानं हा विषय दादांकडे काढला. दादांनी सरळ हात आडवा केला. म्हणाले, "पीआरची फाइल झोपलेली असते, तिला उठवायचं नाही. एकीकडे कायमचं राहायचंय म्हणता आणि दुसरीकडे विद्यार्थ्याचा तात्पुरता पास मागता? ते म्हणतील, यांचं काही नक्की दिसत नाही. वर्षभर थांब, काय बिघडतंय?"

परतताना एमआरटीत नवराही तेच म्हणाला. "जुलै पुढच्या वर्षीही येतोच."

तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यातली चार माणसं वळून बघतील इतक्या आवाजात मी म्हटलं, "तुला ऑफिस आहे, क्लायंट आहेत, जेवायला बरोबर माणसं आहेत. मला काय आहे? मी त्या घरात बसून बसून खुळी होईन. एक वर्ष काय, मला एक महिनासुद्धा नाही काढवणार आता." आणि मग मी रडले. मला रडायचं नव्हतं, ओरडायचं होतं, पण रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेल्यावर पाहिलं, तर टेबलावर स्टुडंट पासचा फॉर्म पेन्सिलीनं भरून ठेवलेला. तो कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलीनं भरतो. शेजारी माझे फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, लग्नाचा दाखला, सगळं क्रमानं टाचण्या लावून. स्पॉन्सरच्या जागी त्याची सही तेवढी शाईत होती.

मंगळवारी मी एकटीच लव्हेंडरला गेले. काउंटरवर फिकट निळा स्कार्फ बांधलेली एक मलय बाई होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिनं कागद चाळले, संगणकावर काहीतरी पाहिलं, आत गेली आणि एक फाइल घेऊन आली. बराच वेळ वाचून तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मॅम, कोर्स फुल टाइम. युवर टू चिल्ड्रन, हू लुक आफ्टर?"

मला वाटलं, हिनं दुसऱ्याच कुणाची फाइल आणली. मी म्हटलं, "आम्हाला मुलं नाहीत."

तिनं कपाळाला आठी घातली आणि कागद माझ्याकडे वळवला. ते दादांचं पत्र होतं. मी तोवर ते कधी वाचलंच नव्हतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, माझी पत्नी घर सांभाळते आणि आमच्या दोन मुलांना या देशाचे उत्तम नागरिक म्हणून वाढवण्याकडे तिचं संपूर्ण लक्ष आहे. खाली माझ्या नवऱ्याची सही होती.

दादांना दोन मुलं. ज्या घरांत पत्र फिरलं त्या सगळ्या घरांत दोनच मुलं. आमच्या त्या वर्तुळात तिसरं कुणी होऊ देत नसे आणि एकावर कुणी थांबत नसे. त्यामुळे ते वाक्य बदलायची वेळ आमच्यापर्यंत कुणावर आलीच नव्हती.

बाईनं त्याच फाइलमधला पीआरचा फॉर्म दाखवला. तिथे मुलांच्या रकान्यात नवऱ्यानं शून्य घातलं होतं. फॉर्ममध्ये शून्य आणि पत्रात दोन, यातलं खरं कुठलं? ती रागावलेली नव्हती, पण तिनं स्पष्ट सांगितलं की अर्जात चुकीची माहिती देणं ही गंभीर गोष्ट आहे. ज्यानं सही केली त्यानं येऊन लेखी खुलासा करायचा, तोवर ती स्टुडंट पासचा अर्ज घेऊ शकत नाही. पास तयार व्हायला किती दिवस लागतात ते मोजलं, तर जुलै गाठायला शुक्रवार हा शेवटचा दिवस होता. "फ्रायडे कॅन?" तिनं विचारलं. मी मान हलवली. मी उठताना ती हळूच म्हणाली, "गो ड्रिंक समथिंग फर्स्ट लाह." माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी दारातच उभी होते. तो वाकून बूट काढत होता. मी म्हटलं, "आपल्याला दोन मुलं आहेत म्हणे. मला कळवलं नाहीस ते?"

माझी अपेक्षा होती की तो विचारेल, कुठली मुलं? कसलं पत्र? पण तो एक बूट हातात घेऊन तसाच थांबला आणि म्हणाला, "वाचलं का त्यांनी?"

म्हणजे त्याला माहीत होतं. दिवसभर मी त्याला मनात वेंधळा म्हणून शिव्या घालत होते, आता कळेना की काय म्हणावं. "तुला माहीत होतं? मग बदललं का नाहीस? दादांच्या शब्दाला धक्का लागेल म्हणून?"

तो सोफ्यावर बसला, एका पायात बूट तसाच. त्याला बोलायला बराच वेळ लागला आणि मी मधे बोलले नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

"पत्र टाइप करताना ते वाक्य दिसलं मला. खोडणारच होतो," तो म्हणाला. "पण तेव्हा तुला दिवस होते. मी म्हटलं, दोन नाही, पण एक तर आहे. अर्जाचं उत्तर येईपर्यंत घरात असेलच. कुणाला सांगायचं नव्हतं ना तीन महिने, आईलासुद्धा मी सांगितलं नव्हतं. मग निदान एका कागदावर तरी असू दे, असं वाटलं. फॉर्ममध्ये खोटं लिहिता येत नव्हतं. पत्रात राहू दिलं."

"आणि नंतर?"

"नंतर दोनदा लव्हेंडरला गेलो होतो, दुरुस्ती करून द्यायला. लंच टाइममध्ये. नंबर घेऊन बसलो आणि उठून आलो. ते वाक्य खोडायला हात होईना."

मी त्याच्याजवळ जाऊन खाली बसले आणि त्याचा दुसरा बूट काढला. इतके महिने मी समजत होते की याला काही लागलंच नाही. आणि हा एकटा त्या इमारतीत जाऊन नंबर हातात धरून बसून आला होता. मला माझीच इतकी शरम वाटली की त्याच्याकडे वर बघवेना. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस रे." तो म्हणाला, "तुला आधीच इतकं होत होतं."

जेवण झाल्यावर त्यानं दादांना फोन लावला. पत्र त्यांचं, तेव्हा त्यांना सांगायला हवं असं त्याचं म्हणणं. दादा आधी हादरले, मग भराभर मार्ग काढायला लागले. त्यांचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. "अरे, सोपं आहे. टायपिंग मिस्टेक म्हण. नमुना कॉपी केला, एक ओळ चुकून राहिली. माणसांकडून होतात चुका. दोन मिनिटांत मिटेल, तिचा पासही होईल आणि पीआरलाही धक्का लागणार नाही."

खरं सांगते, मला ते पटलं. ऐकताना जीव भांड्यात पडला. खोटंही फारसं नव्हतं त्यात. पण नवऱ्यानं "बघतो दादा" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मी त्याला टायपिंग मिस्टेक म्हणणार नाही."

एवढंच म्हणाला, आणि आतून फुलस्केप कागद घेऊन आला. या खेपेला पेन्सिल नव्हती. हातानं, शाईनं त्यानं जेमतेम आठ ओळी लिहिल्या. पत्र दुसऱ्याचं होतं आणि मी ते वापरलं. ते वाक्य मी वाचलं होतं. त्या वेळी माझी पत्नी गरोदर होती. ते मूल आता नाही. मी हे कळवायला हवं होतं, कळवू शकलो नाही. यात माझ्या पत्नीचा काही दोष नाही, तिनं पत्र पाहिलंही नव्हतं. तिला झाडांचा अभ्यास करायचा आहे, कृपया तिला करू द्यावा. कागद माझ्यापुढे सरकवून तो म्हणाला, "वाच. काही बदलावंसं वाटलं तर बदल." मी काही बदललं नाही.

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. काउंटरवर तीच बाई होती. तिनं पत्र वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी आ." मग त्याच्याकडे वळली आणि तेच पुन्हा म्हणाली, जरा सावकाश. आमच्या त्या मुलाबद्दल या देशात आम्हाला कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी म्हटलं होतं. नवऱ्याला तर कुठल्याच देशात कुणी म्हटलं नव्हतं. तो टाय चाचपत "थँक यू" म्हणाला.

मग तिनं समजावून सांगितलं. आता या खुलाशामुळे पीआरची फाइल वेगळ्या टेबलावर जाणार, तिथे किती महिने लागतील ते तिला सांगता येत नव्हतं. ती तशी अडकलेली असली की स्टुडंट पासही अडकेल. पीआरचा अर्ज मागे घेतला तर स्टुडंट पासचं काम आजच पुढे सरकेल. पीआरसाठी नंतर पुन्हा करता येईल अर्ज, पण पहिल्यापासून. रांग पुन्हा शेवटून.

हा माझा नवरा रस्ता रिकामा असला तरी हिरव्या दिव्यासाठी थांबतो. कुठलाही निर्णय घेण्याआधी दोन रात्री झोपतो. मला वाटलं, आता म्हणणार, घरी जाऊन विचार करतो. मीच त्याची बाही ओढून म्हणणार होते की राहू दे, चौदा महिने थांबलोय, जुलै पुढच्या वर्षीही येतो.

"विथड्रॉ," तो म्हणाला.

"अरे, थांब जरा..."

"नाही," तो मराठीत म्हणाला, काउंटरसमोरच. "तू जुलैत वर्गात बसणार आहेस." आणि त्यानं पेन मागून घेतलं. बाईनं अर्ज मागे घेण्याचा फॉर्म दिला, त्यानं सही केली. तिनं ते जुनं पत्र बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवलं, चुकीच्या वाक्यावर रेघ मारायला आणि बाजूला सही करायला. त्यानं पेन टेकवलं, पण रेघ काही ओढली जाईना. मी त्याच्या हातावर हात ठेवला. तशी ती रेघ आम्ही दोघांनी ओढली, जरा वाकडी आली.

पास मिळाला. जुलैच्या पहिल्या सोमवारी मी गमबूट घालून माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरांबरोबर चिखलात उभी होते. पीआर पुढे नव्या अर्जावर मिळाली, पत्र न जोडता. पण त्या शुक्रवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फक्त अर्ज घेतल्याची पावती माझ्या पर्समध्ये होती आणि आम्ही लव्हेंडरच्या प्लॅटफॉर्मवर शेजारी शेजारी बसलो होतो. एक गाडी आली आणि गेली. त्यालाही ऑफिसला जायची घाई दिसेना.

"मी नावपण ठरवलं होतं," तो समोरच्या काचेच्या दारांकडे बघत म्हणाला.

माझ्या मनातही एक होतं. मी कधी सांगितलं नव्हतं.

"तुझं आधी सांग," मी म्हटलं.

त्यानं सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.